तांब्याच्या पाइपातील बारीक गळती: मुख्य व्हॉल्व्ह बंद करण्यापासून शेवटच्या तपासणीपर्यंत

अमेरिकेतील जुन्या घरांत राहणाऱ्या मराठी कुटुंबांवर, बेसमेंटच्या छतालगत गेलेल्या तांब्याच्या पाइपावर हिरवा ठिपका आणि त्याच्या खाली लोंबणारा पाण्याचा थेंब पाहण्याची वेळ कधी ना कधी येते. त्यानंतर बहुतेक जण दोनपैकी एक चूक करतात. काही जण भारतातून आणलेले एम-सील त्या ठिपक्यावर दाबून बसवतात आणि काम झाले असे समजतात. बाकीचे गॅसच्या ज्योतीचा टॉर्च आणि सोल्डर (जोडासाठी वितळवायची धातूची तार) आणून थेट छिद्रावरच सोल्डरचा गोळा बसवतात, तेही पाइपात पाणी शिल्लक असताना. दोन्ही उपाय काही दिवस टिकल्यासारखे वाटतात आणि घर रिकामे असताना नेमके सुटतात.

सोल्डरने जोड कसा धरला जातो हे समजले, तर पुढच्या सगळ्या पायऱ्यांचा अर्थ आपोआप लागतो. पाइप आणि त्यावर बसणारे कपलिंग (दोन पाइप जोडणारी आखूड नळी) यांच्यामध्ये साधारण 0.1 मिलिमीटरची फट असते आणि वितळलेले सोल्डर केशाकर्षणाने, म्हणजे दिव्याच्या वातीत तेल चढावे तसे, त्या फटीत ओढले जाते. जोडाची ताकद या आत शिरलेल्या पातळ थरात असते. बाहेर दिसणाऱ्या गोळ्यात ती नसते. छिद्राभोवती अशी फटच नसल्यामुळे तेथे लावलेले सोल्डर नुसते वर चिकटून राहते. छिद्राचा पाइप कापून काढणे आणि त्या जागी नवा तुकडा दोन कपलिंगांनी जोडणे, हीच खरी दुरुस्ती होय.

येथे अर्धा इंची पाइप, आडवी ओळ, बेसमेंटमधील उघडी जागा आणि टाचणीच्या टोकाएवढे छिद्र असे प्रकरण धरले आहे. गळती भिंतीच्या आत किंवा गॅसच्या पाइपाला अगदी लागून असेल, तर हे काम परवानाधारक प्लंबरकडे सोपवावे. भाड्याच्या घरात किंवा काँडोमध्येही स्वतः हात घालू नये. स्वतःच्या घरात अशा दुरुस्तीसाठी परवाना लागतो का, हे टाउनशिपच्या बांधकाम विभागाला फोन करून आधी विचारून घ्यावे. नियम गावागणिक बदलतात.

1. गळती नेमकी कोठे आहे ते शोधणे

जेथे थेंब पडतो तेथेच छिद्र असते असे नाही. पाणी पाइपाच्या पोटावरून वाहत जाते आणि एखाद्या पट्टीजवळ किंवा वळणाजवळ खाली पडते. म्हणून पाइप फडक्याने पूर्ण कोरडा करावा, दर वीतभर अंतरावर टिश्यू पेपरची एकेक पट्टी गुंडाळावी आणि दहा मिनिटांनी पाहावे. ज्या बाजूला उंची अधिक आहे त्या बाजूची सर्वांत पहिली ओली झालेली पट्टी छिद्राच्या जवळची असते.

उन्हाळ्यात दमट हवेमुळे गार पाण्याच्या पाइपावर दव साचते आणि ते गळतीसारखेच दिसते. दव सगळ्या पाइपावर सारखे असते. गळती एका जागेपासून सुरू होते. तरीही शंका राहिली, तर घरातील सर्व नळ, टॉयलेट आणि बर्फाचे यंत्र बंद असताना पाण्याच्या मीटरकडे पाहावे. पुष्कळ मीटरवर एक छोटा त्रिकोण किंवा चक्र असते आणि अगदी थोडे पाणी वाहत असले तरी ते फिरते.

आता छिद्राच्या आसपासचा पाइप नीट न्याहाळावा. तांब्यावर चढलेला हिरवा कळंक खरवडल्यावर खाली सपाट, तांबूस धातू दिसला, तर तेवढी जागा सुदृढ आहे. खरवडल्यावर खड्डा दिसला किंवा हातभर अंतरात असे तीन-चार ठिपके आढळले, तर आतून पाइप झिजत आला आहे. अशा वेळी दोन इंचांचा तुकडा बदलण्यात अर्थ नाही. ती पूर्ण ओळ बदलावी लागते. हिवाळ्यात पाणी गोठून पाइप फुटला असेल, तर चीर लांबीच्या दिशेने जाते आणि तिच्या दोन्ही टोकांना पाइप फुगलेला असतो. तो फुगलेला भागही कापावा लागतो, कारण त्यावर कपलिंग चढत नाही.

इशारा: 1980 पूर्वीच्या घरांत पाइपांवर पांढरट, प्लास्टरसारखे जाड वेष्टण असेल, तर त्याला हात लावू नये. त्यात अॅस्बेस्टॉस असू शकते. ते तपासून काढण्याचे काम त्यातील प्रशिक्षित लोकांचेच आहे.

सामान आणेपर्यंत गळती थोपवायची असेल, तर सायकलच्या ट्यूबचा तुकडा छिद्रावर ठेवून वरून होज क्लॅम्प आवळावा. एम-सीलपेक्षा हे बरे, कारण नंतर पाइपावर काही चिकटून राहत नाही आणि साफसफाईचे काम वाढत नाही.

2. सर्व सामान हाताशी ठेवणे

पाणी बंद केल्यानंतर दुकानात धावावे लागू नये, म्हणून पुढील वस्तू आधीच आणून ठेवाव्यात: अर्धा इंची तांब्याचा पाइप, दोन स्लिप कपलिंग, छोटा पाइप कटर, आतली कड घासण्याचे रीमर, एमरी कापड, कपलिंगच्या आतून फिरवायचा तारेचा ब्रश, पाण्यात विरघळणारा प्लंबिंगचा फ्लक्स (सोल्डर नीट धरावे म्हणून आधी लावायचा लेप) आणि तो लावण्याचा छोटा ब्रश, शिसेविरहित सोल्डर, प्रोपेनचा टॉर्च, ज्वालारोधक कापड, पाणी भरलेली स्प्रेची बाटली, अग्निशामक, चष्मा, हातमोजे.

यातील तीन वस्तूंच्या खरेदीत हमखास चुका होतात. पहिली वस्तू म्हणजे कपलिंग. साध्या कपलिंगच्या आत मधोमध एक उंचवटा असतो, त्यामुळे ते पाइपावरून सरकत नाही. दुरुस्तीसाठी आतून पूर्ण गुळगुळीत असलेले, दुरुस्तीचे म्हणून विकले जाणारे स्लिप कपलिंग लागते. दुकानातच त्यात बोट घालून पाहावे.

दुसरी वस्तू सोल्डर. अमेरिकेत पिण्याच्या पाण्याच्या पाइपांसाठी शिसेयुक्त सोल्डर 1986 च्या कायद्याने बंद झाले. तरीही विद्युतकामाचे सोल्डर त्याच दुकानात मिळते आणि काही रिळांत अजूनही शिसे असते. पाण्यासाठी वापरता येते असे रिळावर स्पष्ट लिहिलेले असेल तेच घ्यावे. ते प्रामुख्याने कथलाचे असते.

तिसरी गोष्ट माप. अमेरिकेत ज्याला अर्धा इंची पाइप म्हणतात त्याचा बाहेरील व्यास प्रत्यक्षात 5/8 इंच, म्हणजे 15.9 मिलिमीटर असतो. ब्रिटनमधील घरांत 15 मिलिमीटरचा पाइप असतो. डोळ्यांना दोन्ही सारखेच वाटतात, पण एकाचे कपलिंग दुसऱ्यावर बसत नाही. नवा तुकडा घेताना जाडी पाहावी: तांबड्या अक्षरांचा पाइप एम प्रकारचा आणि पातळ असतो, निळ्या अक्षरांचा एल प्रकारचा आणि जाड असतो. दोघांचा बाहेरील व्यास एकच असल्यामुळे ते एकमेकांना जोडता येतात. दुरुस्तीला मी निळ्या अक्षरांचाच पाइप वापरतो. एवढ्याशा तुकड्याच्या किमतीतील फरक विचारात घेण्याजोगा नसतो.

3. पाणी बंद करून पाइप खरोखर रिकामा करणे

सर्वांत अधिक कामे येथेच बिघडतात, म्हणून या टप्प्याला वेळ द्यावा.

आधी वॉटर हीटर. विजेवरचा असेल तर त्याचा ब्रेकर बंद करावा. गॅसवरचा असेल तर त्याची कळ पायलटवर (फक्त छोटी ज्योत पेटती ठेवणाऱ्या खुणेवर) आणावी. हीटरची टाकी चुकून रिकामी झाली आणि विजेचे एलिमेंट चालू राहिले, तर ते काही क्षणांत जळते. त्यानंतर मुख्य व्हॉल्व्ह बंद करावा, घरातील सर्वांत वरच्या मजल्यावरचा नळ उघडावा म्हणजे हवा आत येईल, आणि बेसमेंटमधील किंवा बाहेरचा सर्वांत खालचा नळ उघडून पाणी जाऊ द्यावे. गार आणि गरम दोन्ही नळ उघडावेत, कारण मिक्सरच्या नळातून एका ओळीचे पाणी दुसरीत येते.

वाहते पाणी थांबले म्हणजे पाइप रिकामा झाला, असे मानू नये. जुन्या घरांतील गोल चाकाचे गेट व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नाहीत. माझ्या स्वतःच्या घरात पहिल्या खेपेला असेच झाले. दर दहा-बारा सेकंदांनी एक थेंब येत होता आणि एवढ्याने काय बिघडणार, असे समजून मी ज्योत लावली. दहा मिनिटे तापवूनही सोल्डर ओल्या रव्यासारखे पाइपावर लोळत राहिले, पसरले नाही. कारण साधे आहे. पाइपात पाणी असेपर्यंत तेथील तांबे 100 अंश सेल्सिअसच्या फार वर जात नाही, आणि हे सोल्डर वितळायला 200 अंशांहून बरीच अधिक उष्णता लागते. पाणी उकळते, वाफ होते आणि ती वाफ जोडातून बाहेर पडताना सोल्डरमध्ये बारीक वाटा ठेवते.

खातरजमा: पुढच्या टप्प्यात पाइप कापल्यानंतर दोन्ही टोकांखाली कोरडा कागद धरून पाच मिनिटे थांबावे. एकही थेंब पडला नाही, तरच पुढे जावे. थेंब येत असेल तर आधी व्हॉल्व्हचा बंदोबस्त करावा किंवा रस्त्याकडचा व्हॉल्व्ह बंद करण्यासाठी पाणीपुरवठा कंपनीला बोलवावे. अगदी किरकोळ ठिबक असल्यास जुने प्लंबर कडा काढलेल्या पांढऱ्या ब्रेडचा लगदा पाइपात कोंबतात. काम चालेपर्यंत तो पाणी शोषतो आणि नंतर विरघळून वाहून जातो. तो उपाय चालतो, परंतु पाणी सुरू करताना पहिले पाणी टबच्या किंवा बाहेरच्या नळातून काढावे, नाहीतर नळाच्या जाळीत लगदा अडकतो.

4. मोजणे आणि कापणे

कापण्याआधी एक गोष्ट पाहावी. जुन्या घरांत विजेचे अर्थिंग बहुधा पाण्याच्या धातूच्या पाइपाशी जोडलेले असते. पाइप कापला की ती जोडणी तुटते, आणि घरात कोठे विजेचा दोष असेल तर दोन टोकांना दोन हातांनी धरणाऱ्या माणसाला शॉक बसू शकतो. म्हणून कापण्याच्या जागेच्या दोन्ही बाजूंना अर्थिंगचे क्लॅम्प लावून त्यांच्यामध्ये जाड तांब्याची तार जोडावी आणि काम पूर्ण होईपर्यंत ती काढू नये. याविषयी खात्री नसेल तर आधी इलेक्ट्रिशियनला विचारावे.

छिद्राच्या दोन्ही बाजूंना एकेक इंच सोडून मार्करने खुणा कराव्यात. एकूण दोन इंचांचा तुकडा निघेल. त्या खुणांपलीकडे दोन्ही बाजूंना किमान तीन इंच सरळ, मोकळा पाइप असायला हवा, कारण कपलिंग तेवढ्यात सरकवायचे असते. जवळच वळण किंवा टी (तीन तोंडांचा जोड) असेल तर कापण्याची जागा त्यानुसार हलवावी.

कटर पाइपावर बसवून हलकेच आवळावा, एक फेरा फिरवावा, मग पाव वळण आवळावा आणि पुन्हा फिरवावा. घाई करून एकदम आवळला तर पाइप दाबून लंबगोल होतो आणि लंबगोल पाइपात फट सारखी राहत नाही. करवतीने कापणे टाळावे. धार तिरपी येते आणि बुकणी पाइपात जाते.

कापल्यानंतर आतील कडेला धातूचा ओठ वळलेला राहतो. रीमर फिरवून तो काढून टाकावा. पुष्कळ जण ही पायरी सोडून देतात. त्या ओठावरून पाणी उसळत जाते आणि त्याच्या पुढचा तांब्याचा भाग वर्षानुवर्षे खरवडत राहते. काही पाइपांना छिद्रे पडण्याचे कारणच पूर्वीच्या जोडातील असा न काढलेला ओठ असतो.

नवा तुकडा मधल्या रिकाम्या जागेपेक्षा एक-दोन मिलिमीटर आखूड कापावा. तेवढे अंतर कपलिंग झाकून टाकते.

5. चकचकीत होईपर्यंत घासणे

कल्हईवाला भांड्याला कथील लावण्याआधी नवसागराने ते भांडे घासून लख्ख करतो, कारण मळलेल्या तांब्यावर कथील धरत नाही. येथेही तोच न्याय आहे. एमरी कापडाने जुन्या पाइपांची दोन्ही टोके, प्रत्येकी किमान दोन इंच, नव्या नाण्यासारखी चकाकेपर्यंत घासावीत. स्लिप कपलिंग आधी पाइपावर मागे सरकवायचे असल्यामुळे एवढी लांबी लागते. कपलिंगच्या आतला भाग तारेच्या ब्रशने घासावा. नवे दिसते म्हणून सोडू नये.

छताच्या बाजूचा, नजरेआडचा भाग बहुधा न घासलेला राहतो आणि गळती परत तेथूनच सुरू होते. आरसा धरून तो पाहावा. घासून झालेल्या जागेला बोट लावू नये; हाताचे तेलही सोल्डरला अडवते.

6. फ्लक्स लावून जुळवणी

घासल्यावर लगेच ब्रशने पाइपाच्या बाहेर आणि कपलिंगच्या आत फ्लक्सचा पातळ, अखंड थर द्यावा. बोटाने लावू नये. जास्त फ्लक्स म्हणजे पक्का जोड, हा समज चुकीचा आहे. जादा फ्लक्स पाइपाच्या आत वाहून तळाशी साचतो आणि नंतर तेथेच तांबे खातो.

दोन्ही कपलिंग जुन्या टोकांवर पूर्ण मागे सरकवावीत, नवा तुकडा मध्ये धरावा आणि मग कपलिंग पुढे ओढून जोडांवर आणावीत. कपलिंग जोडाच्या बरोबर मधोमध बसले पाहिजे. त्यासाठी सांध्यापासून कपलिंगच्या निम्म्या लांबीवर जुन्या पाइपावर आधीच खूण करून ठेवावी आणि कपलिंगची कड त्या खुणेला आणावी. एका बाजूला अर्धा इंच आणि दुसऱ्या बाजूला जेमतेम दोन मिलिमीटर असा जोड बाहेरून उत्तम दिसतो, पण पाण्याच्या दाबाने निसटतो.

7. तापवणे आणि सोल्डर देणे

लाकडी बीम आणि आसपासच्या वायरी ज्वालारोधक कापडाने झाकाव्यात, बीमवर पाणी फवारावे, इन्सुलेशनचा कागद बाजूला करावा. तो कागद वाटतो त्याहून फार लवकर पेटतो. अग्निशामक पाठीमागे न ठेवता हाताच्या अंतरावर ठेवावा. ओळीवरचा एक नळ उघडाच राहू द्यावा, म्हणजे तापलेल्या हवेला बाहेर पडायला वाट मिळेल.

ज्योत प्रथम कपलिंगलगतच्या पाइपावर काही क्षण फिरवावी, मग कपलिंगच्या मधल्या भागावर आणावी. सतत हलवत ठेवावी. ज्योतीच्या विरुद्ध बाजूला सोल्डरचे टोक सांध्याला टेकवून पाहावे. ते वितळले नाही तर काढून घ्यावे आणि आणखी थोडे तापवावे. ज्या क्षणी ते टेकताच वितळते, त्या क्षणी ज्योत बाजूला करून सोल्डर सांध्याला द्यावे. तांब्याच्या उष्णतेनेच ते वितळले पाहिजे. ज्योतीने वितळवलेले सोल्डर वरच राहते. सारे नीट जमले असेल तर सोल्डरची तार हातातून ओढली जात असल्यासारखी आत जाते आणि सांध्याभोवती चांदीसारखी बारीक कड एका दमात फिरून येते. अर्धा इंची जोडाच्या एका बाजूला साधारण पाऊण इंच तार पुरते.

एका कपलिंगची दोन्ही टोके एकाच वेळी पूर्ण करावीत. नंतर पुन्हा तापवल्यास पहिली बाजू सुटते.

इशारा: फ्लक्स काळा पडला आणि सोल्डर गोळी होऊन घरंगळू लागले, तर जोड अति तापला आहे. अशा वेळी आणखी सोल्डर घालू नये. गरम असतानाच पक्कडीने सुटे करावे, थंड होऊ द्यावे आणि घासण्यापासून पुन्हा सुरुवात करावी.

जोड हलवू नये आणि त्यावर पाणी ओतू नये. आपोआप निवू द्यावा. पूर्ण थंड झाल्यावर ओल्या फडक्याने बाहेरचा फ्लक्स पुसून काढावा. राहिला तर काही महिन्यांत तेथे पुन्हा हिरवा कळंक दिसू लागतो. त्यानंतर किमान एक तास ती जागा सोडून जाऊ नये, कारण बीमच्या आत धुमसणारी ठिणगी उशिरा पेट घेते.

ज्योत लावणे शक्य नसेल तेव्हा

बीम फार जवळ असतील, किंवा ठिबक काही केल्या थांबत नसेल, तर पुश-फिट, म्हणजे सोल्डरशिवाय नुसते ढकलून बसणारे स्लिप कपलिंग वापरावे. दोन इंचांपर्यंतचे अंतर एकच कपलिंग झाकू शकते, असे प्रकार मिळतात. येथेही पाइप सरळ कापलेला हवा आणि बाहेरची धार काढलेली हवी, कारण धारेने आतील रबराची कडी कापली जाते. कपलिंग किती आत जायला हवे ते उत्पादकाच्या मापाने खूण करून ठेवावे आणि त्या खुणेपर्यंत ढकलावे. खोल ओरखडे असलेल्या किंवा जुन्या सोल्डरचे थेंब चिकटलेल्या पाइपावर ते वापरू नये. अशा जोडातून अर्थिंगची सलगता राहील असे गृहीत धरू नये. तात्पुरती तार काढण्याआधी इलेक्ट्रिशियनकडून कायमची जोडणी करून घ्यावी.

8. पाणी सुरू करणे आणि तपासणी

नळांच्या जाळ्या काढून ठेवाव्यात. मुख्य व्हॉल्व्ह पाव वळण उघडावा आणि वरच्या नळातून हवा निघून धार अखंड होईपर्यंत थांबावे, मग हळूहळू पूर्ण उघडावा. एकदम उघडल्यास पाण्याचा धक्का पाइपांना बसतो. काही मिनिटे पाणी वाहू द्यावे, म्हणजे आतील फ्लक्स निघून जाईल. 1986 पूर्वीच्या घरात जुन्या शिसेयुक्त जोडांचे हललेले कणही त्याबरोबर निघतात. वॉटर हीटर सर्वांत शेवटी सुरू करावा, तोही गरम पाण्याच्या नळातून अखंड धार येत असल्याचे पाहूनच.

प्रत्येक सांध्याभोवती टिश्यू पेपर गुंडाळून पंधरा मिनिटांनी, एका तासाने आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पाहावे. कागदावर ओलसर डाग आढळला, तर वरून सोल्डर लावून उपयोग नाही. पाणी काढून जोड सुटा करावा लागतो.

बाहेरच्या नळाला लावता येणारा दाबमापक स्वस्तात मिळतो. तो लावून घरातील दाब पाहावा. 80 पीएसआयपेक्षा (पाउंड प्रति चौरस इंच) अधिक दाब आढळला, तर दाब कमी करणारा व्हॉल्व्ह बसवून घ्यावा किंवा असलेला दुरुस्त करावा. कापून काढलेला तुकडाही फेकून देऊ नये. तो उभा चिरून आतून पाहावा: एकच खड्डा आणि बाकी भाग गुळगुळीत असेल, तर दोष तेवढ्यापुरता होता. सगळीकडे खड्डेच खड्डे असतील, तर उरलेल्या ओळीचे अंदाजपत्रक प्लंबरकडून याच आठवड्यात मागवावे आणि तोपर्यंत बाहेरगावी जाताना मुख्य व्हॉल्व्ह बंद करून जावे.